पाठचा

लुसियेन माझा पाठचा भाऊ,
चौदा महिन्यांनी धाकटा.
सकाळी सव्वासातला त्याच्या ट्रेलरमधून निघतो,
अंगण ओलांडून येतो,
दारात बूट झटकतो, फोन काढतो,
आणि एक बटण दाबून
पगारी माणूस होतो.

आठवड्याला बेचाळीस तास.
मेन राज्याच्या हिशेबात मी तेवढाच लुळा आहे.
उरलेल्या वेळात चालत असेन बहुधा,
नदीपर्यंत जाऊन येत असेन,
पलीकडच्या कॅनडाला हात करून.

आधी पाठ बघतो, मग बाकीचं.
हातात टॉर्च, चष्मा कपाळावर,
बटाट्याच्या पोत्यात हात घालून
नासका बटाटा शोधावा तसा
एकेक मणका, एकेक इंच,
कुठे लाल तर झालं नाही ना.
छपरावरून पडलो त्याला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून मी माझी पाठ पाहिलेली नाही.
त्याला ती पाठ आहे.

मग आंघोळ, पिशवी, पँट, पाळणा, खुर्ची.
त्यापुढे घर माझं.
दार माझ्या मनगटाच्या धक्क्यानं उघडतं.
कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवतो,
खिडकी किती उघडी, रेडिओ किती मोठा,
कॉफी किती कडू.
मग दोन्ही तळव्यांत धरून पितो.
परवा तो निसटला.
मांडीवर सांडलं ते मला वाफेवरून कळलं.
संध्याकाळी लुसियेननं फोड पाहिला
आणि आईच्या फ्रेंचमध्ये ओरडला,
जी आम्ही आता भांडणापुरतीच ठेवली आहे:
हाक का नाही मारलीस?
म्हटलं, तुझे तास संपले होते.

वर्षातून एकदा बँगोरहून मिसेस प्रेंटिस येतात.
त्याला बाहेर घालवतात, नियमच आहे तसा.
कर्मचारी वेळेवर येतो?
नीट बोलतो?
त्यानं तुम्हाला कधी इजा केली आहे?
मी आठवून पाहिलं.
हो. बहात्तर साली.
कुदळीच्या दांड्यानं. हा दात.
ते त्यांनी लिहिलं नाही.

तो नसला तर दुसरं कोण आहे?

खिडकीतून तो दिसत होता,
साठीला टेकलेला, टोपीशिवाय,
उणे सोळात उगाच ट्रकच्या टायरला लाथा मारत,
मग गुडघा धरून उभा.
फ्रिज सुरू झाला. बंद झाला.
बाईंनी पान उलटलं.

त्या गेल्यावर आत येऊन म्हणाला, काय सांगितलंस?
म्हटलं, सूप खारट करतो म्हणून सांगितलं.
त्या रात्री सूप अळणी.
दोघांनीही ते संपवलं, न बोलता.

रात्री तीनला फोन त्याच्या उशाशी, तिकडेच.
इकडे कडी हळूच सरकते.
मोजे. बर्फाचा वास.
एक हात माझ्या खांद्याखाली,
दुसरा कमरेखाली असावा,
कमरेचं मी अंदाजानं सांगतो.
मला कुशीवर वळवतो,
गुडघ्यांमध्ये उशी सारतो.
मी झोपेचं सोंग घेतो.
सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
वळवता येतं.

तो जरा थांबतो.
आम्ही नऊ वर्षं एका खाटेवर झोपलो,
माझा खोटा श्वास त्याला ओळखू येतो.
तेव्हा हा पहाटे पांघरूण ओढून न्यायचा, सगळंच्या सगळं,
आणि मी थंडीनं कुडकुडत उठायचो.
आता तेच ओढतो
माझ्या बाजूला, हनुवटीपर्यंत.

मग कडी.
मग अंगणात पावलं,
ती मी मोजतो. एकेचाळीस.